टेकाडावरचा पूर

"सर, बाहेर पाऊस पडतोय," असं कुणी म्हटलं, तर पुरावेसर आधी सांगणाऱ्याच्या डोक्याकडे बघायचे. डोकं कोरडं असलं की म्हणायचे, "पुरावा काय?" मग तो बिचारा बाहेर जाऊन भिजून यायचा. सर त्याचं डोकं न्याहाळायचे आणि म्हणायचे, "हं. एक साधन झालं. दुसरं?"

तेहेतीस वर्षं त्यांनी एकाच माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. खरं नाव हजेरीपत्रकात होतं आणि ते तिथंच राहिलं. मुलांनी पुरावेसर म्हटलं, मुलांचं ऐकून पालकांनी म्हटलं, शेवटी मोठ्या बाईसुद्धा, म्हणजे मुख्याध्यापिका, सूचनेच्या वहीत 'पुरावेसर' लिहून गेल्या आणि मग खोडायचं राहून गेलं.

घरी तोच प्रकार. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या बायकोने वाढता वाढता सांगितलं, "आमटीत मीठ घातलंय हं." सर म्हणाले, "पुरावा?" त्या माउलीने मिठाची बरणी उचलून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. तेव्हापासून ती बरणी तिथेच आहे. बाहेरचं कुणी जेवायला आलं आणि विचारलं, तर त्या सांगतात, "भौतिक साधन आहे. हात लावू नका."

हा शब्द त्यांच्या तोंडी सरांमुळेच आला. नववीच्या पुस्तकात पहिलाच धडा इतिहासाच्या साधनांचा. लिखित साधनं, म्हणजे कागदपत्रं. भौतिक साधनं, म्हणजे वस्तू, नाणी, इमारती. आणि मौखिक साधनं, म्हणजे लोक तोंडी सांगत आले ते. बाकीचे शिक्षक हा धडा दोन तासांत उरकतात, कारण परीक्षेत तो चार गुणांना असतो. पुरावेसर तीन आठवडे घ्यायचे. पुढे राजे मागे पडायचे, लढाया घाईत व्हायच्या, एक अख्खं साम्राज्य दरवर्षी एका तासात बुडायचं, पण साधनांचा धडा तीन आठवडे म्हणजे तीन आठवडे.

त्यांची शिकवायची तऱ्हाही निराळी. पुस्तकातली उदाहरणं ते घेत नसत. फळ्यासमोर उभं राहायचं, खडू दोन बोटांत फिरवायचा आणि तिथल्या तिथे एक प्रसंग रचायचा. त्यात एक खोट मुद्दाम ठेवायची. मुलांनी ती हुडकायची. कुणी राजा मेल्यानंतर दोन वर्षांनी पत्र लिहायचा, कुठे तलवारीवर तिच्या मालकाच्या नातवाचं नाव असायचं. मुलं ओरडायची, "सर, कसं शक्य आहे!" सर म्हणायचे, "शाबास." मग फळा पुसला जायचा. राजा गेला, तलवार गेली, सरही विसरून गेले. अशी पाच-सातशे उदाहरणं त्यांनी आयुष्यात रचली असतील. त्यांतलं एक सोडून बाकी सगळी पुसली गेली.

ते एक कसं राहिलं, ते सांगतो.

सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीचाच वर्ग. सरांनी फळ्यावर लिहिलं: "उदाहरण तिसरे. समजा, शाळेच्या नवव्या वर्षी मोठा पूर आला. शाळेत छातीएवढे पाणी शिरले. तेव्हाच्या शिपायांनी शाळेची घंटा डोक्यावर घेतली, पाण्यातून चालत बाहेर काढली आणि दुसऱ्या दिवशी शाळा घंटा वाजवून वेळेवर भरली." आणि वळून विचारलं, "काय खटकतंय?"

आता खटकण्यासारखी गोष्ट वर्गाच्या खिडकीतून दिसत होती. शाळा टेकाडावर आहे. नदी खाली, दीड कोसावर. शाळेत छातीएवढं पाणी यायचं तर खालच्या बाजारपेठेतल्या तिमजली इमारतीवरून होड्या चालायला हव्यात. मुलं रोज तो चढ चढून धापा टाकत वर्गात येत होती. पण एकालाही खटकलं नाही. सर वाट बघत राहिले. एक मिनिट, दोन मिनिटं. "नीट विचार करा," म्हणाले. आणि घंटा झाली. "उत्तर उद्या सांगतो," म्हणून सर निघाले.

घंटा अगदी वेळेवर झाली. दोष द्यायचा तर सरांच्या वाट बघण्याला द्यावा लागेल. दुसऱ्या दिवसापासून ते बहिणीच्या लग्नाला पाच दिवस गेले. परत येईपर्यंत बदली शिक्षकाने पुढचा धडा सुरू केला होता. फळा पुसला होता, वह्या मात्र पुसल्या नव्हत्या.

पुढच्या वर्षी शाळेला पन्नास वर्षं झाली. स्मरणिका निघाली. त्याच वर्गातला, आता दहावीत गेलेला एक हुशार मुलगा विद्यार्थी विभागासाठी लेख घेऊन आला: 'आमच्या शाळेचे धाडसी शिपाईमामा'. पान सत्तेचाळीस. मुद्रितं तपासायला सरच होते. त्यांनी तो लेख दोनदा वाचला आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका काढल्या. मुद्रितं तपासणाऱ्याला वेलांट्या दिसतात, पूर दिसत नाही.

आणि कहर पुढेच आहे. चारपाच वर्षांनी साधनांचा धडा शिकवताना सरांना स्थानिक इतिहासाचं एक छापील उदाहरण हवं होतं. त्यांनी स्टाफरूमच्या कपाटातून स्मरणिका काढली, धूळ झटकली, चाळता चाळता पान सत्तेचाळीस लागलं. सरांना आपलंच पोर ओळखू आलं नाही. खूश झाले. तेव्हापासून दरवर्षी वर्गात सांगायचे, "आपल्या शाळेचाच इतिहास घ्या. शिपायांनी घंटा वाचवली. पुरावा? स्मरणिका, पान सत्तेचाळीस. लिखित साधन."

असा तो पूर वीस वर्षं दरसाल नेमाने येत राहिला.

शाळेचे शिपाई एकाच घरातले. आजोबा शाळा सुरू झाली तेव्हापासून एकतीस वर्षं, त्यांचा मुलगा सतरा वर्षं आणि आता नातू सत्तावीस वर्षं. या नातवाला सगळी शाळा मामा म्हणते. मामा बारीक अंगाचे, बोलायला कमी, घंटेच्या दोरीपाशी एक स्टूल टाकून बसलेले. पूरवाले शिपाई म्हणजे त्यांचे आजोबा. दरवर्षी नववीचा तो तास झाला की मुलं बाहेर येऊन मामांकडे आदराने बघायची. मामा त्यांना म्हणायचे, "वर्गात जा. पुढचा तास गणिताचा आहे."

आता शाळेला पंच्याहत्तर वर्षं झाली. मोठ्या बाईंनी ठरवलं, फाटकाच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवायची: आजोबांचं नाव, पूर, घंटा, सगळं. उद्घाटन शनिवारी, पुरावेसरांच्या हस्ते. कारण शाळेतले सगळ्यांत जुने शिक्षक तेच, आणि त्याच शनिवारी ते निवृत्त होत होते. मामांनी नवा सदरा शिवायला टाकला. त्यांची बहीण दोन दिवस आधी येणार होती. सून तर कारागिराच्या दुकानात जाऊन पाटीचे फोटो काढून आली होती.

हे सगळं सुरळीत चाललं असताना खोडरबर मध्ये आली.

खोडरबर म्हणजे नववीतली एक मुलगी. एक ओळ लिहायची, वाचायची, खोडायची, परत लिहायची, म्हणून हे नाव. तिच्या बाकाखाली कायम रबराचा चुरा असायचा. ती वर्गात इतके प्रश्न विचारायची, की सरांनी तिला मुद्दाम सोपा प्रकल्प दिला: 'आपल्या शाळेचा पूर'. वीस गुण. स्मरणिका उघडायची, पान सत्तेचाळीस उतरवायचं, चित्र काढायचं, संपलं.

उद्घाटनाच्या आधीच्या बुधवारी मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली.

"सर, पाणी वर कसं चढलं?"

"कुठलं पाणी?"

"पुराचं. शाळा टेकाडावर आहे ना."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. खिडकीतून चढाकडे बघितलं. तेहेतीस वर्षं तो चढ ते चढत होते. "स्मरणिकेत आहे," ते म्हणाले.

"हो सर. पण ते एकच साधन झालं. तुम्हीच म्हणता, दुसरं?" असं म्हणून तिने पिशवीतून कागद काढले. एक होता जुन्या हजेरीपत्रकाचा उतारा, तिने ऑफिसात बसून हाताने केलेला. नवव्या वर्षी पुराचा म्हणून एकही दिवस सुट्टी नाही. ऐन पावसाळ्यातही फक्त दोन मुलं गैरहजर, आणि दोघांना गोवर. दुसऱ्या कागदावर पेन्सिलीने घासून उमटवलेला ठसा होता. "घंटेच्या आतल्या बाजूला साल आहे सर. स्टुलावर चढून कागद लावला आणि पेन्सिल घासली. मामांनी स्टूल धरलं. घंटा शाळेच्या विसाव्या वर्षीची आहे. मग नवव्या वर्षी डोक्यावर काय घेतलं?"

सरांनी कागद खिडकीपाशी धरला. ठसा छान उठला होता. तिसरी वस्तू मात्र तिने जरा बिचकतच पुढे केली. तपकिरी कव्हरची एक जुनी वही. "आईची आहे. ती तुमच्याच वर्गात होती. आजीने माळ्यावर ठेवली होती."

वहीत मुलीच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: "उदाहरण तिसरे. समजा, शाळेच्या नवव्या वर्षी मोठा पूर आला." खाली पूर्ण मजकूर, आणि त्याच्या खाली: "काय खटकते? (उत्तर सर उद्या सांगणार.)"

सरांनी ते एकदा वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. मग त्यांना सगळं आठवलं. खडू, खिडकी, ती दोन मिनिटं, बहिणीचं लग्न.

"सर, प्रकल्पात काय लिहू?"

"उद्या सांगतो," सर म्हणाले. आणि म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की हेच आपण हिच्या आईलाही सांगितलं होतं.

घरी त्यांनी वही बायकोपुढे ठेवली. बायकोने वाचली.

"म्हणजे रचलंत."

"उदाहरण दिलं."

"तेच ते. आणि मला मिठाचा पुरावा मागता."

"आता काय करू?"

"पोरीला खरं सांगा. त्यात विचारायचं काय?"

"पोरीला सांगणं सोपं आहे गं. मामांचं काय? पाटीवर त्यांच्या आजोबांचं नाव कोरलंय. बहीण येतेय. पोरीचं खरं ठरवलं तर मामांचे आजोबा भिंतीवरून उतरतात. मामांना जपलं तर पोरीला खोटं लिहायला लावायचं, आणि तेही इतिहासात, माझ्या हाताने, शेवटच्या आठवड्यात."

बायकोने मिठाची बरणी उगीचच जरा सरकवली. "जेवा आधी," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सर मोठ्या बाईंकडे गेले. बाई मूळच्या रसायनशास्त्राच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, पाटी तयार आहे. भिंतीत खिळे बसलेत. पाहुणे ठरलेत. आणि पाहुणे कोण, तर तो लेख लिहिणारा तुमचाच विद्यार्थी. आता डॉक्टर आहे, दातांचा. तुमचा इतिहास आपण सोमवारी दुरुस्त करू."

"सोमवारी मी निवृत्त असेन."

"मग तर काही अडचणच नाही," बाई म्हणाल्या. त्यात त्यांचा वाईट हेतू नव्हता.

तिथून सर मामांकडे गेले. मामा स्टुलावर बसून दोरीची गाठ घट्ट करत होते. सर शेजारच्या पायरीवर बसले. पायरीवर सर कधी बसत नसत, त्यामुळे मामा उठले.

"बसा मामा. एक सांगायचंय. वाईट आहे."

"सांगा की."

"तुमच्या आजोबांनी घंटा वाचवली नाही. पूरच आला नव्हता. मी वर्गात उदाहरण म्हणून रचलं होतं. चूक माझी आहे, सगळी."

मामांनी गाठ पूर्ण केली. ओढून बघितली. "ठाऊक आहे," म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"आजोबांना पोहता येत नव्हतं. पाण्याला इतके भ्यायचे, की आंघोळीची बादली अर्धीच भरायचे. आणि नवव्या वर्षी घंटा नव्हतीच. रुळाचा तुकडा टांगलेला होता, त्यावर हातोडा मारायचे. घंटा नंतर आली."

सर त्यांच्याकडे बघत राहिले. "मग मामा, वीस वर्षं मी दरसाल वर्गात सांगतोय, बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतिहासाचे सर. छापून आलेलं. मी म्हटलं, घरच्यांना ठाऊक नसलेलं काहीतरी पुस्तकात असेल." मामांनी गाठ पुन्हा चाचपली. "आणि तुम्ही सगळ्या गावाला पुरावा मागितलात. मला कधी मागितलाच नाही."

तीन आठवडे मौखिक साधनं शिकवणारा माणूस, आणि मौखिक साधन रोज दारापाशी दोरी धरून बसलेलं. सत्तावीस वर्षं.

"मग खरं काय केलं आजोबांनी?" सरांनी विचारलं. पहिल्यांदाच.

"काय करणार? घंटा वाजवली. एकतीस वर्षं. एकदा फक्त चार मिनिटं उशीर झाला. वडील जन्मले तेव्हा. आजोबा मरेपर्यंत सांगायचे, त्या दिवशी सगळी शाळा माझ्यामुळं चार मिनिटं उन्हात उभी राहिली." मामा हसले. "आमच्या घरात जन्मदाखला कुणी शोधत नाही. तो उशीर ज्या दिवशी झाला, ती वडिलांची जन्मतारीख."

"बहिणीला काय सांगणार?"

"तिला पण ठाऊक आहे. ती जेवायला येतेय."

"आणि पाटी?"

मामांनी या वेळी मात्र दोरी सोडली. "सर, नाव काढू नका एवढंच. नाव खरं आहे."

शनिवार उजाडला. मैदानात खुर्च्या, फाटकाशी पडदा लावलेली पाटी. मामा नव्या सदऱ्यात, पण दोरीपाशीच, कारण कार्यक्रमाचे तास ठरलेले होते आणि साडेनऊला घंटा द्यायची होती. डॉक्टर पाहुणे पहिल्या रांगेत. मागे जुने विद्यार्थी, त्यांतल्या बऱ्याच जणांचे केस वर्गातच राहून गेले होते. खोडरबरची आई तिसऱ्या रांगेत, आणि खोडरबर तिच्या शेजारी.

मोठ्या बाईंनी सरांना बोलायला सांगितलं. सरांनी माइक घेतला नाही. त्यांनी मुलांकडून एक फळा मागवला, टेकवला, खिशातून खडू काढला आणि लिहायला लागले. बाईंनी घड्याळाकडे बघितलं.

"उदाहरण तिसरे," सर म्हणाले. "सव्वीस वर्षांपूर्वी हा तास अपुरा राहिला. तो पूर्ण करायचाय." सगळा मजकूर त्यांनी जसाच्या तसा लिहिला आणि वळले. "काय खटकतंय?"

कुणी हललं नाही. सर वाट बघत राहिले. एक मिनिट. दोन.

नऊ वाजून एकोणतीस झाले. सरांनी दोरीकडे बघितलं. मामांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, दोरी हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

साडेनऊ झाले. एकतीस झाले.

तिसऱ्या रांगेत खोडरबरच्या आईने हात वर केला. चाळीस वर्षांची बाई, उभी राहून म्हणाली, "सर, शाळा टेकाडावर आहे. पाणी येणार कसं?"

"शाबास," सर म्हणाले.

मग मैदानात जी कुजबुज झाली ती झाली. पहिल्या रांगेतले डॉक्टर उठले. लाल झाले होते. "सर, माझ्या वहीत 'समजा' होतं. लेखाला दोनशे शब्दांची मर्यादा होती, म्हणून मी पहिले तीन शब्द गाळले."

"ऱ्हस्व-दीर्घ मीच सुधारलं," सर म्हणाले. "बसा. दोघांचा अर्धा अर्धा गुण गेला." आणि मग त्यांनी मामांच्या आजोबांबद्दल सांगितलं. रूळ, हातोडा, एकतीस वर्षं, चार मिनिटं. सांगून झाल्यावर म्हणाले, "पुरावा: मौखिक. साधन तिकडे उभं आहे. प्रश्न असतील तर त्याला विचारा. मी विचारले नाहीत."

सगळ्या मैदानाने माना वळवल्या. मामांनी नव्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि घंटा दिली. नऊ चौतीसला.

पाटी त्या दिवशी पडद्याआडच राहिली. कारागिराने ती काढून नेली आणि तीच उलटी करून मागच्या बाजूला कोरली. मोठ्या बाईंनी मजकूर मागितला तेव्हा सरांनी लिहून दिलं: नाव, आणि 'या शाळेत एकतीस वर्षे घंटा दिली'. मामांनी कागद वाचला आणि परत केला.

"उशीर राहिला सर."

"तो कशाला मामा? मान द्यायची पाटी आहे."

"लिहा. तो नसला तर आजोबांना वाटेल, दुसऱ्याच कुणाची पाटी आहे."

म्हणून आज फाटकाच्या भिंतीत नावाखाली दोन ओळी आहेत: 'एकतीस वर्षे घंटा दिली. एकदा चार मिनिटे उशीर.' भिंतीच्या बाजूला तोंड करून पूर अजून आत आहे, पण तो वाचायला पाटी काढावी लागेल.

खोडरबरला वीसपैकी अठरा मिळाले. ती सरांच्या घरी भांडायला आली, कारण सर आता शाळेत नव्हते. सर जेवायला बसले होते.

"सर, दोन का कापले?"

"आईच्या वहीचा पान क्रमांक दिला नाहीस."

"वहीला पानांचे क्रमांकच नाहीत!"

सरांनी तिच्याकडे बघितलं. "पुरावा?"

तिने दप्तरातून वही काढली आणि ताटाशेजारी ठेवली, मिठाच्या बरणीला टेकवून. सरांच्या बायकोने तिला पाट मांडून दिला.